फ्लोरिडातले दोन झरे: गिनी आणि वाकुल्ला

पाण्याखालच्या गुहेत उतरायचं तर गिनी स्प्रिंग्ज की वाकुल्ला? खरं तर दुसऱ्याचा पर्याय बहुतेकांना नाहीच.

गिनी खासगी मालकीचा. तिथल्या 'बॉलरूम' दालनात साधं ओपन वॉटर प्रमाणपत्र (डायव्हिंगचं पहिल्या पायरीचं, उघड्या पाण्यापुरतं) असलेला डायव्हरही जाऊ शकतो, कारण आतल्या खोल बोगद्याच्या तोंडावर लोखंडी जाळी ठोकलेली आहे. जाळीच्या फटींतून पाण्याचा झोत असा येतो की जाळी हाताने घट्ट धरावी लागते. शेजारच्या डेव्हिल्स गुहांना जाळी नाही. तिथे नियम वेगळा. गुहेचं प्रशिक्षण नसेल तर टॉर्च न्यायचाच नाही. उजेड नसला की माणूस आपोआप मागे फिरतो. मला हा नियम शंभर पाट्यांपेक्षा शहाणा वाटतो. (यमदूताचं चित्र असलेली 'पुढे जाऊ नका' ही पाटीही गुहांच्या तोंडाशी असतेच.) प्रशिक्षितांसाठी हवेचा हिशेब ठरलेला: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेली अडचणीला.

वाकुल्ला सरकारी उद्यानात आहे. पोहा, काचेच्या तळाच्या बोटीबद्दल विचारा. गुहेत मात्र संशोधनाची परवानगी असलेल्यांनाच प्रवेश. बोगदे सुमारे 90 मीटर खोल, त्यामुळे साधी हवा चालत नाही, हेलियममिश्रित वायू लागतो आणि वर येताना डीकम्प्रेशनचे, म्हणजे अंगात मुरलेला वायू बाहेर पडावा म्हणून थांबत थांबत येण्याचे, कित्येक तास जातात. अशाच संशोधक डायव्हरांनी 2007 मध्ये ही गुहा लिऑन सिंक्स या जवळच्या पाण्याखालच्या गुहांच्या जाळ्याला जोडलेली असल्याचं दाखवलं.

वाकुल्ला सर्वांना खुला करा, ही मागणी मला पटत नाही. तिथे जाळी कुठे ठोकणार?