सहा अंकांचा कॅसिओ मिनी: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरचा जमाखर्च मांडण्यासाठी मी जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याकडून पहिल्या बनावटीचा कॅसिओ मिनी हा छोटा कॅल्क्युलेटर घेतला. गेले काही महिने किराण्याची आणि दुरुस्तीची बिले त्यावरच तपासत असल्यामुळे आता ठामपणे सांगतो की, काय गाळायचे हे अचूक ओळखल्यामुळेच हे यंत्र स्वस्त होऊ शकले.

ऑगस्ट १९७२ मध्ये जपानात ते १२,८०० येनला विक्रीला आले. आदल्या वर्षी ओमरॉनने आपले ‘८००’ हे मेजावरचे यंत्र ४९,८०० येनला देऊन सगळ्या उत्पादकांना हादरवले होते आणि बिझिकॉमच्या खिशात मावणाऱ्या ‘हँडी’ला तर ८९,८०० येन मोजावे लागत. कॅसिओच्या संस्थापक काशिओ बंधूंचेच १९५७ सालचे रिलेवर (विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचवर) चालणारे ‘१४-ए’ १४० किलो वजनाचे होते आणि त्याची किंमत ४,८५,००० येन होती, हे ध्यानात घेतले म्हणजे पंधरा वर्षांतली मजल कळते. मिनीचे दहा लाख नग अवघ्या दहा महिन्यांत खपले.

पडद्यावर एका वेळी सहाच अंक उमटतात आणि दशांश चिन्हाची कळ नाही. येनच्या खालची नाणी जपानात १९५३ अखेरीसच चलनातून गेली होती, त्यामुळे तिथल्या गृहिणीला किंवा दुकानदाराला तिची उणीव फारशी भासली नसावी, असे मला वाटते. आपल्याला मात्र रुपयांचे पैसे करून आकडे भरावे लागतात, आणि मग ९,९९९.९९ रुपयांहून मोठी रक्कम एका दमात भरता येत नाही. खरी करामत बाणाच्या कळीत आहे. १,२७५ रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरायचा असेल, तर १२७५ ला ११८ ने गुणून १०० ने भागावे; पडद्यावर १५०४ दिसते आणि बाण दाबताच अपूर्णांकाचे ५००००० येतात, म्हणजे एक हजार पाचशे चार रुपये पन्नास पैसे. मोठ्या गुणाकारातले पडद्यावर न मावलेले अंकही हीच कळ दाखवते. निम्म्या पडद्यात बारा अंकांचे काम उरकणारी ही युक्ती मला आजही अत्यंत हुशारीची वाटते.

हिरवे आकडे संध्याकाळी सुरेख दिसतात, पण उन्हात वाचवत नाहीत. चार पेन्सिल सेल लवकर उतरतात, म्हणून बेरीज संपताच बटण बंद करण्याची सवय लावून घ्यावी लागते. जाडीमुळे शर्टाच्या खिशाला ते ओढ देते. टक्केवारीची कळ आणि स्मृती यात नाहीत, पण त्यांची मला फारशी गरज पडली नाही.

कोणाला घ्यायचे असल्यास आधी सेलच्या कप्प्यात गंज चढला आहे का, हे पाहावे. त्यानंतर २२ ला ७ ने भागून बाण दाबावा. आधी ३ आणि मग १४२८५७ असे सगळे अंक न तुटता उमटले नाहीत, तर ते यंत्र घेऊ नये.