एक्सएमएलच्या रोजच्या कामासाठी एलएक्सएमएल: वापरणारीचं मत

ग्रंथालयांच्या नोंदी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेणं हे माझं काम. नोंदी बहुतेक वेळा मार्क-एक्सएमएलमध्ये येतात, म्हणजे ‘मार्क’ या ग्रंथालयांच्या ठरलेल्या मांडणीत, टॅग लावून लिहिलेल्या एक्सएमएल फाइलींत. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत त्या वाचायला मी एलएक्सएमएल ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरते. मत आधीच सांगून टाकते: एक्सएमएलशी रोज गाठ पडत असेल तर ही लायब्ररी घ्याच. बीएसडी परवान्याखाली फुकट मिळते आणि एरवी पानभर लागणारा कोड दोन-चार ओळींत बसवते. मात्र तिचे काही स्वभाव आधी समजून घ्यावे लागतात.

पायथनसोबत एलिमेंटट्री ही एक्सएमएलचीच लायब्ररी आयतीच मिळते, २००६ मध्ये आलेल्या २.५ आवृत्तीपासून. एलएक्सएमएलने तिचीच पद्धत उचलली आहे, त्यामुळे एक येत असेल तर दुसरी परकी वाटत नाही. फरक आत आहे. एलएक्सएमएलच्या पोटात लिबएक्सएमएल२ आणि लिबएक्सएसएलटी या सी भाषेतल्या लायब्रऱ्या आहेत, म्हणून तिच्यात एक्सपाथ १.०, म्हणजे एक्सएमएलमधून हवा तो भाग शोधायची भाषा, पूर्ण चालतं.

याचा फायदा किती, ते एका उदाहरणात दिसतं. मार्कमध्ये पुस्तकाचं शीर्षक २४५ क्रमांकाच्या फील्डमध्ये असतं आणि आयएसबीएन ०२० मध्ये. ‘शीर्षक आहे पण आयएसबीएन नाही, असे रेकॉर्ड काढून दे’ ही मागणी मला सतत येते. एलएक्सएमएलमध्ये एक्सपाथच्या कंसात ‘अँड’ आणि ‘नॉट’ वापरून ती एका ओळीत लिहिता येते. एलिमेंटट्रीच्या मर्यादित एक्सपाथमध्ये हे दोन्ही नाहीत, तिथे लूप लिहावा लागतो. शिवाय एलिमेंटट्रीत एलिमेंटला (टॅगने बनलेल्या घटकाला) आपला पालक कोण, म्हणजे आपण कोणाच्या आत आहोत, हे माहीतच नसतं. एलएक्सएमएलमध्ये चुकीचं सबफील्ड (फील्डचा पोटभाग) हाती लागलं की ‘गेटपेरेंट’ने वर चढत जाऊन त्या रेकॉर्डचा ००१ मधला नियंत्रण क्रमांक गाठता येतो आणि ज्यांची फाइल आहे त्यांना नेमकी नोंद दाखवता येते. माझ्यासाठी एवढं एक कारणही पुरेसं आहे.

आता नेमस्पेस, म्हणजे टॅगची नावं कोणत्या संचातली हे सांगणारी ओळख. नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच अडतो. मार्क-एक्सएमएलच्या मुळाशी बहुधा प्रीफिक्स (नावापुढची छोटी खूण) नसलेला डीफॉल्ट नेमस्पेस जाहीर केलेला असतो. फाइल उघडून पाहिली की ‘डेटाफील्ड’ हा टॅग समोर दिसतो, एक्सपाथमध्ये तेच नाव लिहिलं की हाती रिकामी यादी येते. एरर नाही, इशारा नाही. एक्सपाथ १.० मध्ये प्रीफिक्स नसलेलं नाव म्हणजे कोणत्याही नेमस्पेसमध्ये नसलेलं नाव, असा नियम आहे, म्हणून हे होतं. त्यामुळे आपणच एखादा प्रीफिक्स ठरवायचा, डिक्शनरीत तो त्या नेमस्पेसला जोडायचा आणि प्रत्येक नावापुढे लावायचा. फाइलमध्ये तो नसला तरी चालतं. दोष एक्सपाथच्या नियमाचा आहे हे मान्य, तरी लायब्ररीच्या पहिल्याच धड्यात हे ठळकपणे यायला हवं.

मराठी मजकुराबद्दल मुद्दाम लिहिते. ‘टूस्ट्रिंग’ या एक्सएमएल लिहून देणाऱ्या फंक्शनला एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) सांगितलं नाही तर ते आस्कीमध्ये लिहितं, ज्यात देवनागरी अक्षरं नाहीत. म्हणजे ‘म’च्या जागी २३५० हा आकडा असलेला कॅरॅक्टर रेफरन्स येतो आणि अख्खं शीर्षक आकड्यांची माळ होऊन जातं. डेटा बिघडलेला नसतो, पुन्हा पार्स केला (प्रोग्रामने वाचला) की अक्षरं परत येतात, पण उघड्या डोळ्यांनी तपासणी करणाऱ्याला त्यातलं काही वाचता येत नाही. एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ असं स्पष्ट लिहायचं, आउटपुट बाइट्समध्ये मिळतं, ते तसंच फाइलमध्ये टाकायचं. वाचतानाही तसंच: आधी मजकूर स्ट्रिंगमध्ये घेऊन पार्सरला दिला आणि त्याच्या पहिल्या ओळीत एन्कोडिंग जाहीर केलेलं असलं, तर एलएक्सएमएल व्हॅल्यूएरर देऊन थांबते. सरळ फाइलचा पाथ किंवा बाइट्स द्यावेत. ही कडक शिस्त मला आवडते. गप्पपणे अक्षरं बिघडवण्यापेक्षा अडवणं बरं.

‘टेल’ची गोष्टही ध्यानात ठेवा. वाक्याच्या मधल्या एका शब्दाला ठळक करणारा टॅग असेल, तर त्याच्यानंतरचं उरलेलं वाक्य पालकाकडे नसतं, त्या टॅगच्या ‘टेल’मध्ये असतं. ‘रिमूव्ह’ने टॅग काढला की अर्धं वाक्यही सोबत जातं. मार्कमध्ये असा मिश्र मजकूर येत नाही, पण लेखांच्या किंवा पुस्तकांच्या एक्सएमएलमध्ये पावलोपावली येतो. ज्यांचं काम ते आहे त्यांनी टॅग काढण्याआधी टेल जपून ठेवणारं छोटं फंक्शन लिहूनच घ्यावं.

मोठ्या फाइलींसाठी ‘इटरपार्स’ आहे. टॅगचं नाव दिलं की एकेक रेकॉर्ड पूर्ण होताच हातात येतो. पण फाइल तुकड्यांत वाचली म्हणून मेमरी आपोआप मोकळी होत नाही, कारण मागे मेमरीत सगळ्या एलिमेंटचं झाड बांधणं चालूच असतं. काम झाल्यावर ‘क्लिअर’ बोलवलं तरी रिकामे एलिमेंट मुळाला चिकटून राहतात, त्यामुळे आधीची भावंडंही पालकाकडून डिलीट करावी लागतात. हे दोन्ही केलं की लाखो नोंदींची फाइलसुद्धा साध्या लॅपटॉपवर निवांत चालते. ही सफाई एखाद्या पर्यायाने आपोआप व्हावी, अशी माझी मनापासून मागणी आहे.

स्कीमा तपासणी, म्हणजे फाइल ठरलेल्या रचनेत आहे का ते पाहणं, उत्तम. एक्सएसडी १.० आणि रिलॅक्स-एनजी या दोन्ही स्कीमा-भाषा चालतात आणि ‘एररलॉग’मध्ये प्रत्येक चूक ओळ क्रमांकासह मिळते. तो लॉग मी तसाच समोरच्या टीमला पाठवते, वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सुरक्षेच्या बाजूने एलएक्सएमएलच्या ५.० आवृत्तीपासून एक चांगला बदल झाला आहे: बाहेरच्या फाइलींकडे बोट दाखवणाऱ्या एंटिटी (मजकुराच्या जागी ठेवलेली नावं) आता डीफॉल्टने उलगडल्या जात नाहीत. परक्या ठिकाणाहून फाइली घेत असाल आणि जुनी आवृत्ती चालू असेल, तर आजच बदला.

उणीव म्हणावी तर एकच मोठी. एक्सपाथ आणि एक्सएसएलटी (एक्सएमएलचं रूप बदलणारी भाषा) दोन्ही १.० वर थांबलेले आहेत. एक्सपाथ २.० ला २००७ मध्ये मान्यता मिळाली, पण त्यातली फंक्शनं इथे नाहीत. रेग्युलर एक्सप्रेशनची (मजकुरातले नमुने शोधण्याची) गरज एक्सएसएलटीच्या जोडीला असलेल्या ‘ईएक्सएसएलटी’च्या फंक्शनांवर भागते. एक्सएसएलटी २.० किंवा ३.० मध्ये लिहिलेल्या स्टाइलशीट हाताशी असतील तर सॅक्सन या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे जावं. आणि काम दहा-वीस ओळींची कॉन्फिग फाइल वाचण्यापुरतं असेल, तर पायथनची एलिमेंटट्री पुरते, वेगळं काही इन्स्टॉल करू नका.