सहा महिने पाकिटातले बन खाल्ल्यावर: 'एक सर्व्हिंग' म्हणजे एक बन नाही!

सहा महिने झाले, आमच्याकडे रोज पाकिटातले बन येतायत. मैदा, कॅलरी, फायबर ही बेसिक माहिती सगळ्यांना असते, ती परत उगाळत नाही. मला लिहायचंय ते पाकिटाच्या मागच्या एकाच ओळीबद्दल. ती मी चार महिने रोज बघितली आणि चुकीची वाचली, आणि त्यापायी मी वहीत मांडलं होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट मीठ बनमधून बाबांच्या पोटात गेलं.

झालं असं की बाबांचं बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी मीठ निम्म्यावर आणायला सांगितलं. स्वयंपाकात हात आखडता घेतला, वरून मीठ घेणं बंद केलं. बाबांना दात नीट नाहीत, मऊ बन त्यांना चावता येतो, म्हणून तेवढा ठेवला, पण हिशोब करून. पाकिटावर प्रति सर्व्हिंग, म्हणजे एका वेळच्या खाण्यामागे, १४४ मिलिग्रॅम सोडियम लिहिलेलं, सकाळी दोन आणि संध्याकाळी एक असे तीन बन, म्हणजे ४३२. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत सोडियम ठेवायला सांगते, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ, त्यात हे बसत होतं. वहीत लिहून टाकलं आणि निर्धास्त झाले.

चौथ्या महिन्यात घरी बेकिंग करायचं म्हणून डिजिटल वजनकाटा आणला. पहिल्यांदा काय ठेवावं म्हणून हाताशी असलेला बनच ठेवला. ५८ ग्रॅम. दुसरा ठेवला, ६०. तिसरा ५७. पाकीट उलटं केलं तर बारीक अक्षरात 'सर्व्हिंग साइज ३० ग्रॅम', आणि त्याच्याखाली 'सर्व्हिंगची संख्या साधारण १२'. आत बन सहा! म्हणजे त्यांची एक सर्व्हिंग म्हणजे अर्धा बन. १०० ग्रॅमला ४८० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे एका बनमध्ये २७८ आणि तीनमध्ये ८३५. मिलिग्रॅम सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं, ते झालं दोन ग्रॅमच्या वर. नुसत्या बनमधून दिवसाच्या मर्यादेतलं ४० टक्के मीठ, आणि मी मात्र भाजीतलं चिमूटभर मीठ वाचवत बसले होते.

मला सांगा, अर्धा बन कोण खातं? बन चिरला तरी दोन्ही भाग एकाच ताटात जातात ना. पुढचे दोन महिने माझी याच एका गोष्टीवर चिडचिड चालू आहे, घरचे कंटाळले ऐकून. कंपनीला मेल केला, उत्तर आलं की सर्व्हिंग साइज ही 'मार्गदर्शक' आहे. परत विचारलं की मग एका बनचे आकडे छापायला काय अडचण आहे, तर तेच उत्तर पुन्हा, फक्त वर माझं नाव घालून. तिसऱ्या मेलला उत्तरच नाही.

काटा नसेल तरी चालतं, हे मला उशिरा सुचलं. पाकिटाचं निव्वळ वजन भागिले आतले बन. ३५० भागिले ६, म्हणजे ५८. त्याला १०० ग्रॅमच्या रकान्यातल्या आकड्यांनी गुणायचं आणि शंभरने भागायचं, सर्व्हिंगचा रकाना बघायचाच नाही. तसं केल्यावर एका बनला १५७ कॅलरी, साखर ४ ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा, प्रोटीन ५ ग्रॅम, फायबर जेमतेम १.३. प्रोटीनचा आकडा बरा वाटतो पण गव्हाच्या प्रोटीनमध्ये लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो, त्यामुळे सोबत दूध, अंडं किंवा कडधान्य हवंच.

मग रागाच्या भरात ब्राउन बन आणले. जास्त पैसे मोजून! घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, तर पहिला नंबर मैद्याचाच, गव्हाचं पीठ दुसरं, आणि रंगासाठी कॅरमेल, आयएनएस १५० (आयएनएस म्हणजे अन्नात घातलेल्या पदार्थांचे ठरलेले नंबर). फायबर १०० ग्रॅमला ३.४. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'फायबरचा स्रोत', कारण त्या दाव्याला १०० ग्रॅममागे ३ ग्रॅम पुरतं, 'भरपूर फायबर' म्हणायला ६ लागतात. सोडियम मात्र ५४०, आधीच्यापेक्षा जास्त! रंग बघून घेऊ नका एवढंच सांगते.

आता इथे मला माझं एक मत बदलावं लागलं. मला वाटत होतं मीठ चवीसाठी उगाच कोंबतात. म्हणून घरी बिनमिठाचे बन करून बघितले. पीठ बघता बघता इतकं फुगलं की भांड्याबाहेर आलं, हात लावला तर चिकट आणि सैल, ओव्हनमध्ये गेल्यावर मधोमध बसलं, आणि चव काहीच नाही, बाबांनी एक घास घेऊन बाजूला ठेवला. मीठ यीस्टला आवर घालतं आणि ग्लुटेनला, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रोटीनला, बळकटी देतं, ते पूर्ण काढून मला तरी बन जमले नाहीत. पण पाकिटातल्या बनच्या मानाने निम्मं घातलं तेव्हा बन छान झाले आणि बाबांना फरक कळलाही नाही. म्हणजे थोडं मीठ लागतं हे मान्य, एवढं लागत नाही हेही खरं.

आयएनएस २८२ बद्दलही आधी धास्ती होती. ते कॅल्शियम प्रोपिओनेट, बुरशी धरू नये म्हणून. घरचे बन चौथ्या दिवशी हिरवे ठिपके धरून फेकावे लागले, अन्न फेकताना माझा जीव जातो. प्रोपिओनिक आम्ल आपल्या आतड्यातले जिवाणू स्वतः तयार करतात, काही चीजमध्येही ते आपसूक असतं. त्यामुळे त्यावर आता माझं काही म्हणणं नाही. आणि बन फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडाव्यात त्यातला स्टार्च लवकर कडक होतो आणि बन शिळा लागतो. सरळ फ्रीझरमध्ये टाका, लागेल तेवढेच काढून गरम करा, एकही वाया जात नाही.

टोस्ट केल्याने बन 'हलका' होतो असं बाबा म्हणतात. काट्यावर ठेवला, ५८ चा ५१ झाला. पण गेलं ते पाणी, मीठ आहे तिथेच.

सध्या तिसऱ्या कंपनीचे घेतोय. यादीत पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं, १०० ग्रॅमला फायबर ६.१, सोडियम ४००, आणि मुख्य म्हणजे सर्व्हिंगच्या जागी स्पष्ट लिहिलंय, '१ बन, ६० ग्रॅम'. ते वाचून मला खरंच बरं वाटलं, मी दुकानात उभ्या उभ्या पाकीट बहिणीला दाखवलं. चावायला थोडे घट्ट आहेत, बाबा दुधात बुडवून खातात. तीनचे दोन केलेत, म्हणजे आता बनमधून दिवसाला ४८० मिलिग्रॅम. वहीतली जुनी पानं खोडून परत मांडलीत, आणि पुढच्या तपासणीला तीच वही डॉक्टरांसमोर ठेवणार आहे.