टॉलरन्सच्या चौकटीतलं शून्य: स्प्रेडशीट प्रश्नांचा सात महिन्यांचा अनुभव

आपोआप मार्क देणाऱ्या ऑनलाइन टूलवर मी घसाऱ्याची (वापरामुळे वस्तूची किंमत दरवर्षी घटते त्याची) चाचणी घेतली. तीत वर्गातल्या सगळ्यांत नीटनेटक्या मुलीला शेवटच्या ओळीत शून्य मिळालं आणि त्याच रात्री मी हा अनुभव लिहायला घेतला. तो मसुदा फारच तिखट झाला होता. पाठवला नाही हे बरं झालं, कारण त्यातलं निम्मं आता मलाच पटत नाही. उरलेल्या निम्म्यावर मात्र मी ठाम आहे.

स्प्रेडशीट प्रश्न कसा बनतो ते तुम्हाला माहीत आहेच. तक्ता मांडा, दिलेले आकडे लॉक करा, उत्तराचे सेल मोकळे सोडा, प्रत्येक सेलला अपेक्षित उत्तर आणि मार्क द्या, तपासणी आपोआप होते. इथपर्यंत काही तक्रार नाही. एक्सेलमधला तक्ता जसाच्या तसा पेस्ट होतो, लॉक केलेला सेल मुलांच्या हातून बिघडत नाही. माझं भांडण एका चौकटीशी आहे. प्रत्येक उत्तराच्या सेलला ‘अधिक पर्याय’ उघडल्यावर अगदी तळाशी ‘टॉलरन्स’ दिसतं, म्हणजे अपेक्षित उत्तरापासून किती फरक चालेल तो आकडा, आणि तिथे आधीच ० भरून ठेवलेलं असतं.

आता तो प्रश्न बघा. मूळ किंमत ४७,३५०, दर १५ टक्के, ऱ्हासमान शिल्लक पद्धत (दरवर्षी उरलेल्या किमतीवर घसारा), तिसऱ्या वर्षअखेरची शिल्लक काढा. माझ्या उत्तरात सरळ गुणाकार होता आणि सेलला दशांश दाखवू नको असं सांगितलेलं. म्हणजे दिसायला २९,०७९, पोटात २९,०७८.८१८७५. त्या मुलीने दरवर्षीचा घसारा राउंड केला: ७,१०३, मग ६,०३७, मग ५,१३२. शिल्लक आली २९,०७८. फळ्यावर मीही असंच करते. टूलने फुली मारली.

हे एक वेळ समजू शकते. पण ज्या मुलाने कॅल्क्युलेटरवर हिशेब करून २९,०७९ टाइप केले, त्यालाही फुली! निकालात ‘तुमचं उत्तर २९,०७९, अपेक्षित उत्तर २९,०७९’ आणि शेजारी शून्य मार्क. स्क्रीनशॉटवर स्क्रीनशॉट आले. ‘मॅडम, दोन्ही सारखेच आहेत ना?’ यावर काय बोलणार?

सपोर्टने आधी ब्राउझरची कॅशे साफ करायला सांगितली. दुसऱ्या मेलमध्येही तेच, फक्त खाली सही वेगळी. चौथ्या मेलला त्या चौकटीचा पत्ता लागला. सगळ्या सेलना एकदम टॉलरन्स देण्याची सोय आहे म्हणे, पण वरच्या प्लॅनमध्ये. माझे सेल ३५, प्रत्येकाला ४ क्लिक, एकूण १४०. एका चौकटीपायी प्लॅन बदलणाऱ्यातली मी नाही. केले १४० क्लिक. त्यात दोन सेल सुटले ते सुटलेच.

शून्य हा आकडा मुळात तिथे कोणी ठेवला असेल? संगणकाला साधा ०.१ सुद्धा नेमका साठवता येत नाही, बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ च्या मांडणीत, तो कधी संपतच नाही. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत ०.३०००००००००००००००४ अशी येते. ज्यांनी हे टूल लिहिलं त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. तरी शून्य.

तिखट मसुदा इथे संपत होता. पुढचं नंतरचं.

पहिली गोष्ट, चूक माझीही होती. राउंड करायचं की नाही, केव्हा करायचं, हे मी प्रश्नात लिहिलंच नव्हतं. आता लिहिते. दुसरी गोष्ट जास्त लाजिरवाणी. रागाच्या भरात मी पुढच्या चाचणीत सगळीकडे टॉलरन्स १ ठोकून दिलं. त्यात एक सेल चालू गुणोत्तराचा (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) होता. उत्तर १.८, एकाने लिहिलं २.५, टूलने पूर्ण मार्क दिले. फरक ०.७ म्हणजे १ च्या आतच की! त्यामुळे हल्ली रकमेला १, गुणोत्तराला ०.०१, असं सेल बघून भरते. ‘सगळ्यांना एकदम’ची सोय फुकट मिळाली असती तर मी आणखी घोटाळे केले असते, हे कबूल करायला जड जातं.

चौथ्या महिन्यात कळलं की प्रश्नाची कॉपी केली की टॉलरन्सही सोबत येतं. एक कोरा नमुना करून ठेवलाय, आकडे बदलायचे आणि पुढे चालायचं. हे सपोर्टच्या चार मेलांत कोणी सांगितलं नाही.

आणि एक गोष्ट मनापासून आवडली. फॉर्म्युला हवाच असं सांगितलं तर आधी टूल अक्षरं जुळवायचं: ‘सम’ (SUM) हे बेरजेचं फंक्शन वापरण्याऐवजी अधिक चिन्हाने बेरीज केली की चूक. आता ‘इनपुट बदलून तपासा’ असा पर्याय आलाय. टूल ४७,३५० च्या जागी दुसराच आकडा टाकतं आणि मुलाची शीट नव्याने चालवून बघतं. खरा फॉर्म्युला असेल तर उत्तर बदलतं, शेजाऱ्याचा आकडा टाइप केला असेल तर जागचं हलत नाही. पहिल्याच वेळी सहा जण सापडले. शिवाय सेटिंग सुधारून ‘पुन्हा तपासा’ दाबलं की सगळ्या वर्गाचे मार्क एका दमात बदलतात, त्यामुळे त्या मुलीचे मार्कही परत मिळाले.

टक्क्यांचं किरकोळ दुखणं आहे: टक्केवारीचं फॉरमॅट दिलेल्या सेलमध्ये १५ टाकलं की एक्सेल १५% समजतं, हे टूल १५००%. मुलांना चिन्हासकट लिहायची सवय लावली.

स्टेपचे मार्क अजून हातानेच द्यावे लागतात. पहिल्या वर्षी चुकलेल्याची पुढची सगळी वर्षं लाल होतात, मग पद्धत बरोबर असली तरी. कागदावर आपण असं करत नाही. अशा उत्तरपत्रिका वेगळ्या काढून मी एकेक बघते, चाळीस मिनिटं जातात.

तीन तारे देते आहे. गेल्या आठवड्यात नमुना न वापरता घाईत नवा प्रश्न केला, टॉलरन्स बघायचं राहिलं, आणि सकाळी पुन्हा अकरा स्क्रीनशॉट आलेले. चौथा तारा त्या शून्यापाशी अडकलाय.