गिझरसाठी २४ तासांचा यांत्रिक टायमर: घ्यावा का?
टायमरच्या फिरत्या चकतीवर ९६ पिना, प्रत्येक १५ मिनिटांची; ज्या वेळेच्या पिना लावाल तेवढाच वेळ गिझर चालू राहतो. १५ लिटरच्या २ किलोवॅट गिझरला पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण २० मिनिटं लागतात, म्हणून दोन पिना पुरतात. स्मार्ट मीटर असलेल्या घरांना महावितरण सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या विजेवर सवलत देतं. संध्याकाळच्या आंघोळीचं पाणी दुपारी साडेचारला तापवावं. टाकीचं इन्सुलेशन चांगलं असेल तर ते दोन-तीन तास सहज गरम राहतं.

टायमर १६ अँपिअरचाच घ्या. हलक्या टायमरचे संपर्क तापून चिकटतात, मग गिझर बंदच होत नाही. मोठा दोष एकच: वीज गेली की चकती थांबते आणि वेळ तेवढीच मागे पडते. भारनियमनाच्या गावात बॅटरीवाला डिजिटल टायमरच बरा.