संस्थेसाठी देणगीदारांचं सॉफ्टवेअर घेताय? आधी हे वाचा (पाचपैकी तीन स्टार)

कंपनीचं नाव लिहीत नाही, एक तर या लाइनमधली सॉफ्टवेअरं थोड्याफार फरकाने सारखीच असतात आणि दुसरं म्हणजे यांचा सपोर्टवाला पोरगा बिचारा फोन उचलतो तरी. मी सोलापुरात मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत देणगीदारांच्या डेटाची टीम बघते. टीम म्हणजे काय तर मी, दोन पोरी आणि मार्च आला की अकाउंट्समधून उसना आणलेला एकजण. आधी सगळं एक्सेलमध्ये होतं, त्याच्याही आधी पावतीबुकात, आणि मधली काही वर्षं श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली, जी नव्या सिस्टीममध्ये घेतल्यावर नुसती चिन्हं दिसायला लागली. ते सगळं पोरींनी हाताने परत टाइप केलं, कंपनीने फक्त "सर्व भाषा सपोर्टेड" असं सांगितलेलं.

पण जे भारी आहे ते आधी सांगते. १०बीडी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २०२१-२२ पासून ८०जी वाल्या, म्हणजे ज्यांना दिलेल्या देणगीवर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते अशा संस्थांना प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन, रक्कम, कशाने दिली हे सगळं ३१ मेच्या आत इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर भरायचं असतं, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये, आणि ते भरल्यावरच पोर्टलवरून १०बीई सर्टिफिकेट निघतं, नुसत्या आपल्या छापील पावतीवर देणगीदाराला आता सूट घेता येत नाही. मे महिन्यात इथं पारा चाळिशीच्या वर, लाइट जाते, आणि त्यात ही फाइल करायची म्हणजे काय हाल होतात ते करणाऱ्यालाच माहीत. हे सॉफ्टवेअर ती फाइल बरोब्बर फॉरमॅटमध्ये काढून देतं आणि त्याच्या आधीच पॅनमध्ये गडबड असेल तर लाल करून दाखवतं. पॅनचं चौथं अक्षर पी असेल तर व्यक्ती, एफ असेल तर फर्म. आमच्याकडे चादर-टॉवेलवाले कारखानदार चेक देतात फर्मच्या खात्यावरचा आणि पॅन देतात स्वतःचा, ते आता एंट्री करतानाच पकडलं जातं. यासाठी एक स्टार डोळे झाकून.

रोख २००० च्या वर असेल तर सूट मिळत नाही, म्हणून पावतीवर ८०जी चा मजकूर आपोआप येत नाही, हेही बरं केलंय. "मॅडम, पाच हजार आहेत, तीन पावत्या करा की" म्हणणारे रोज भेटतात. आधी आम्हाला वाद घालावा लागायचा, आता स्क्रीन फिरवून दाखवतो, मग ते गप खिशातून मोबाइल काढून यूपीआय करतात.

आता रडगाणं. यांचं डुप्लिकेट शोधणं मोबाइल नंबरवर चालतं, आणि नंबर सेम दिसला की रात्री आपोआप मर्ज. पुण्या-मुंबईत चालत असेल बाबा. इथं सोलापूरच्या पूर्व भागात, जिथं तेलुगू घरं जास्त, एका कारखान्यातले अण्णा, त्यांच्या मिसेस, सून आणि दिवाणजी हे चौघंही अण्णांचाच नंबर देतात, चौघांचे पॅन वेगळे, चौघांच्या देणग्या वेगळ्या. सकाळी बघतो तर चौघांचा एक माणूस झालेला आणि मिसेसची दहा वर्षांची हिस्ट्री अण्णांच्या नावावर. अनडू नाही! दुसरीकडे खरे डुप्लिकेट तसेच, कारण एकच माणूस एका पावतीवर व्यंकटेश, दुसऱ्यावर वेंकटेश, तिसऱ्यावर आडनाव आधी आणि नाव नंतर, वर मोबाइल बदललेला. तेलुगू घरांत आडनाव आधी लिहायची पद्धत आहे, ते या सॉफ्टवेअरला पहिलं नाव वाटतं आणि मग मेसेज जातो "प्रिय" पुढे आडनाव. आणि गंमत अशी की यांचं बिल रेकॉर्डच्या संख्येवर आहे, म्हणजे डुप्लिकेट राहिले तर तोटा आमचा. शेवटी ऑटो मर्ज बंद केलं, आता पॅन आधी, मग पेठ आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असं बघून पोरी हातानेच जुळवतात.

स्मरणार्थचा रकानाच नाही. अहो, आमच्या निम्म्या देणग्या वडिलांच्या पुण्यतिथीला, आईच्या वर्षश्राद्धाला, "मुलांना एक वेळचं जेवण घाला" म्हणून येतात. पावतीवर कैलासवासींचं नाव पाहिजे म्हणजे पाहिजे. रकाना नाही म्हणून ऑपरेटरने ते नावाच्या जागी टाकलं की १०बीडीत नाव वडिलांचं आणि पॅन मुलाचा, मग त्यांच्या सीएचा फोन, मग रिवाइज्ड रिटर्न. त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे ऑटोमॅटिक वाढदिवसाचा मेसेज, जो गेलेल्या माणसाच्या नंबरवर जातो आणि तो फोन घरातलं कोणीतरी वापरत असतं. ते आम्ही पहिल्याच महिन्यात बंद केलं. कंपनीला रकान्याबद्दल सांगितलं तर म्हणे रोडमॅपवर आहे.

सगळ्यात जास्त मी भांडले ते मुलांच्या माहितीवरून. यात "प्रायोजक-मूल" जोडणी आहे, म्हणजे कोणता देणगीदार कोणत्या मुलासाठी पैसे देतो ते, आणि मूळ सेटिंग असं की देणगीदाराला जाणाऱ्या मेलमध्ये मुलाचं पूर्ण नाव, फोटो, शाळा सगळं आपोआप जातं. देणगीदाराला बरं वाटतं हे मान्य, पण बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करणं हा काही मार्केटिंगचा विषय नाही. बालन्याय कायद्याचं, २०१५ च्या, कलम ७४ नाव, पत्ता, शाळा उघड करायला मनाई करतं आणि २०२३ च्या डेटा कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची पडताळलेली संमती घ्यायची तरतूद आहे. सेल्सवाल्याला हे विचारलं तर त्याने विषय बदलून डॅशबोर्ड दाखवला. आम्ही मुलांचं मॉड्यूल रिकामंच ठेवलंय, देणगीदाराच्या रेकॉर्डला फक्त एक कोड, आणि त्या कोडमागचं मूल कोणतं हे समाजकार्य विभागाच्या रजिस्टरात, जे माझ्याही टीमला दिसत नाही. तुमच्याकडे कोणी म्हणालं की जोडून टाका, सोपं पडतं, तर हो म्हणू नका.

मोबाइल अ‍ॅप ठीक. पण नेट लागतंच. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे इथल्या सिद्धेश्वरांच्या जत्रेत, होम मैदानावर स्टॉल लावला तर गर्दीत नेटवर्क मेलेलं, अ‍ॅप नुसतं फिरतंय, शेवटी कागदावर. क्यूआरवर पैसे येतात पण स्टेटमेंटमध्ये नुसता यूपीआय आयडी, माणूस कोण पत्ता नाही, आणि निनावी देणग्यांवर मर्यादेच्या वर ३० टक्के टॅक्स, म्हणून आता स्टॉलवर एक पोरगं फक्त नाव-पत्ता-पॅन लिहून घ्यायला उभं करतो.

घ्यायचं की नाही? ८०जी च्या पावत्यांनी जीव खाल्ला असेल तर घ्या. डेमो त्यांच्या सँपलवर बघू नका, तुमच्या सगळ्यात घाणेरड्या पन्नास एंट्र्या द्या, एकच नंबर असलेलं एक कुटुंब त्यात असू द्या. आणि वर्षाचे पैसे भरायच्या आधी एक्सपोर्ट काढून बघा, आमच्या एक्सपोर्टमध्ये पावती नंबर आले, रकमा आल्या, पण "यांना फोन दुपारी करू नका", "मुलगा गेला, विषय काढू नका" असल्या पोरींनी जपून लिहिलेल्या नोट्स एकही आली नाही. सपोर्टवाला म्हणाला, मॅडम, त्याला प्रीमियम प्लॅन लागतो.