पी१६ की केआय-६७: लहान लॅबने आधी कोणती अँटिबॉडी आणावी?

गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरचे नमुने येऊ लागलेत आणि पैसे एकाच नव्या अँटिबॉडीपुरते (स्लाइडवर ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणाऱ्या द्रव्यापुरते) आहेत, अशा पेचात तुम्ही असाल तर माझा अनुभव सांगतो. पी१६ आणि केआय-६७ या दोन्ही मी वापरल्या. आजही दोन्ही फ्रिजमध्ये असतात, पण पी१६ची कुपी आधी संपते.

ऑपरेशननंतर रेडिएशन द्यायचं का, हे अजूनही गाठीचा आकार, ती किती खोल शिरली, लसिकावाहिन्यांत (लिम्फच्या नळ्यांत) कॅन्सरच्या पेशी दिसतात का, लिम्फ नोड आणि कापलेल्या कडा कॅन्सरमुक्त आहेत का अशा गोष्टींवरच ठरतं. या यादीत दोन्हींपैकी एकही मार्कर नाही. तेव्हा पाहायचं ते एवढंच, की पेशंटचं पुढे काय होईल हे सांगताना कोणाची जास्त मदत होते.

केआय-६७ची ओढ मला कळते. विभाजनाच्या चक्रात असलेल्या प्रत्येक पेशीचं केंद्रक ते रंगवतं, रिपोर्टात टक्केवारी लिहिता येते आणि सर्जनना आकडा हवाच असतो. पण मोजायला बसलं की खरी कटकट सुरू होते. कॅन्सरच्या पेशींच्या बेटांच्या (पुंजक्यांच्या) कडेला गर्द तपकिरी, मध्ये केराटिनभोवती (कातडीत असतं त्या प्रथिनाभोवती) जवळजवळ रिकामं. त्यात गर्भाशयमुखात दाह (सूज) ठरलेला, म्हणजे लिम्फोसाइटही (दाहात जमणाऱ्या पांढऱ्या पेशी) रंगतात आणि बेटांत घुसून बसतात. एका स्लाइडवर मी ४० टक्के लिहिले. तीच स्लाइड सहकाऱ्याने पाहिली आणि ६० म्हणाला. दोघांनीही मन लावून मोजलं होतं, फक्त जागा वेगळी निवडली होती. संध्याकाळी सर्जनचा फोन आला, ‘म्हणजे हे वाईट आहे ना?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. या आजारात केआय-६७साठी सर्वमान्य सीमारेषा नाही आणि अभ्यासांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. जो आकडा आम्हा दोघांत टिकला नाही, त्यावर त्या बाईंच्या घरच्यांनी काय ठरवायचं? माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

पी१६मध्ये मोजणी नाही. एचपीव्ही या विषाणूचं ई७ प्रथिन पेशीचं विभाजन रोखणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करतं, म्हणून पेशीत पी१६ साठत जातं आणि स्लाइडवर सलग, गर्द पट्टा उमटतो. ठिपक्या-ठिपक्यांचा रंग धरायचा नाही. २०२०च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणाने या कॅन्सरचे एचपीव्ही-संबंधित आणि एचपीव्ही-निरपेक्ष असे दोन भाग केले. दुसऱ्या गटाचं भवितव्य साधारणपणे जास्त वाईट. एचपीव्हीची थेट चाचणी नसेल तिथे पी१६वर काम भागवता येतं.

स्क्वॅमस कॅन्सरमध्ये (पृष्ठभागावरच्या चपट्या पेशींच्या) बहुतेक सगळेच पॉझिटिव्ह येतात, त्यामुळे तिथे फार नवं काही कळत नाही, हे मान्य. कामाला येतं ते ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये. एका नमुन्यात ग्रंथी इतक्या सौम्य दिसत होत्या की सिल्व्हा पद्धत (गाठ आजूबाजूला कशी शिरलीय त्यावरून धोका ठरवणारी) लावून मी मोकळा होणार होतो. पी१६ लावलं: शेजारचा कंट्रोल (पॉझिटिव्ह येणार हे आधीच माहीत असलेला नमुना) तपकिरी, गाठ मात्र निळीच. सिल्व्हा फक्त एचपीव्ही-संबंधित ग्रंथी-कॅन्सरला लागू, म्हणून थांबलो. सगळे ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) पुन्हा काढले आणि ती गॅस्ट्रिक प्रकारची, म्हणजे एचपीव्ही-निरपेक्ष निघाली. रिपोर्टाचा सूरच बदलला. अर्थात काही गॅस्ट्रिक गाठी पी१६ पॉझिटिव्हही येतात आणि गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा सीरस कॅन्सरही येतो, म्हणून एकट्या पी१६वर विसंबू नका.

फॉर्मॅलिन कमी पडलेल्या किंवा उशिरा बुडवलेल्या नमुन्यात केआय-६७ आधी फिकं पडतं, असं मला दिसलंय. बाहेरगावाहून बरण्या येत असतील तर हेही धरून चला.

तुमच्याकडे स्तनाच्या गाठी जास्त येत असतील तर केआय-६७ तसंही लागेलच, मग गोष्ट वेगळी. फक्त गर्भाशयमुखासाठी दुसरी कुपी घेणार असाल, तर मी डी२-४० (लसिकावाहिन्यांचं अस्तर रंगवणारी अँटिबॉडी) घेईन. पेशींच्या बेटाभोवतीची फट ऊती आकसल्याने पडली की ती खरी लसिकावाहिनी आहे, ही शंका दर आठवड्याला येते, आणि तो मुद्दा तर थेट रेडिएशनच्या यादीतला आहे.